पोस्टरवरची हडळ

हातात काही निवडणं-टिपणं असेल तर ते चालू ठेवा आणि ऐका. आज आपण भुताच्या सिनेमाच्या पोस्टरबद्दल बोलणार आहोत.

"भुताचा सिनेमा आणि बचत गट, यांचा काय संबंध?" असं आमच्याच गटातल्या एका ताईंनी विचारलं होतं. तो संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

आमच्या गल्लीत एक आजी राहतात, एकट्याच. रविवारी डोक्यावरून न्हाल्या, की पांढरे केस मोकळे सोडून ओट्यावर उन्हाला बसतात. वर्षानुवर्षं बसत आल्यात. यंदा दिवाळीच्या आधी तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर एका भुताच्या सिनेमाचं मोठं पोस्टर लागलं. सगळं काळंभोर, मधोमध एक म्हातारी, केस मोकळे, डोळे पांढरे. आमची पोरं शाळेला त्याच स्टँडवरून जातात. आठ दिवसांत ती आजींच्या ओट्यापुढून पळत जायला लागली. मग लांब उभं राहून "हडळ, हडळ" ओरडायला लागली. आधी आम्हीही हसलो. पुढे एका घरात तान्ह्या बाळाला ताप आला आणि त्या घरातलं एक मोठं माणूस म्हणालं, "त्या म्हातारीची नजर लागली असंल." तेव्हा आमचं हसू थांबलं.

आजींनी ओट्यावर बसणं सोडलं. केस घरातच वाळवायला लागल्या.

पोरांना आम्ही रागावलो. पण नुसतं रागावून भीती जात नाही. त्या एका चित्रात असं काय होतं, की रोज ज्यांच्या हातचे शेंगदाणे खाल्ले त्या आजी पोरांना परक्या वाटाव्यात? म्हणून आम्ही हा विषय घेतला. जुनी-नवी पोस्टरं पाहिली, त्यांच्याबद्दल वाचलं, आपसात बोललो. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. आम्ही सांगतो, तुम्ही डोळ्यांपुढे आणा.

पोस्टरचं काम काय?

स्टँडवर आपण गाडीची वाट बघत उभ्या असतो. एक नजर भिंतीवर जाते आणि लगेच पिशवीकडे वळते. तेवढ्या वेळात पोस्टरला आपल्याला थांबवायचं असतं. थांबवल्यावर मनात एक प्रश्न टाकायचा असतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिकीट काढल्याशिवाय मिळणार नाही, अशी सोय करायची असते. बाजारात भाजीवाली आधी हाळी देते, मग एक काकडी कापून हातावर ठेवते, तसंच हे. फरक इतकाच, की पोस्टर काकडी दाखवतं, खायला देत नाही.

ही कला आपल्या मातीत जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतः उत्तम चित्रकार होते. सिनेमे मुके होते तेव्हापासून ते आपल्या सिनेमांची पोस्टरं करत. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांमध्ये धरतात. पुढे मोठे चित्रकार म्हणून नावाजलेले एम. एफ. हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरलं होतं. कितीतरी वर्षं ही चित्रं माणसं हातानं रंगवत होती. जत्रेत तंबू टॉकीज यायची तेव्हा तंबूबाहेरचं चित्र बघूनच आपल्या आया-आज्या आत जायचं की नाही ते ठरवायच्या. पुढे छपाई बदलली, फ्लेक्स आले, आणि आता तेच पोस्टर बोटाएवढं होऊन मोबाइलवर येतं. काम मात्र तेच राहिलं.

सगळं दाखवणारं पोस्टर

भुताच्या पोस्टरांची आम्हाला दोन घराणी दिसली. पहिलं सगळं दाखवणारं.

आपल्यातल्या बऱ्याच जणींना रामसे बंधूंचे सिनेमे आठवत असतील. हे सात भाऊ. त्यांच्या घरच्या एका जुन्या सिनेमात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, असा प्रसंग होता. सिनेमा पडला, पण तो प्रसंग लोकांना आवडला. त्यावरून भावांनी ओळखलं, की लोकांना घाबरायलाही आवडतं. १९७२ साली त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' आला. त्याचं चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरला झालं होतं. १९८४ साली आलेला 'पुराना मंदिर' तर छोट्या गावांमधून जोरात चालला.

या धाटणीच्या सिनेमांची पोस्टरं म्हणजे भरलेलं ताट. वर राक्षसाचा अक्राळविक्राळ चेहरा, खाली जुनी हवेली, एका बाजूला किंचाळणारी बाई, दुसऱ्या बाजूला नायक-नायिका, कुठे कवटी, कुठे रक्त. अक्षरं अशी, की जणू त्यातून रक्त ठिबकतंय. लांबून येणाऱ्या माणसाला एका नजरेत कळावं, की आत भूतही आहे, गाणीही आहेत आणि मारामारीही आहे. पैसे वसूल होतील, असं ते पोस्टर सांगतं.

अशा पोस्टरवर कधी कधी 'फक्त प्रौढांसाठी'चा 'ए' चांगला ठळक काढलेला असायचा. खरं तर ती लहान मुलांना आत न सोडण्याची सूचना. पण 'येऊ नका' म्हटलं, की माणसाला यावंसं वाटतं. अमेरिकेत १९६० साली 'सायको' आला, तेव्हा दिग्दर्शक हिचकॉक यांनी जाहिरातीतच बजावलं होतं, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडणार नाही. लोकांनी बाहेर रांगा लावल्या. झाकलेल्या डब्यावर 'उघडू नका' लिहून ठेवा, घरातलं पोर आधी तोच डबा उघडेल.

काहीच न दाखवणारं पोस्टर

दुसरं घराणं उलट चालतं. ते भूत दाखवतच नाही. याची तीन नामांकित चित्रं सांगतो, तिन्ही अमेरिकेतली.

पहिलं, १९७५ सालच्या 'जॉज'चं. समुद्रातल्या एका मोठ्या शार्क माशाची ही गोष्ट. वर पाण्यात एक बाई निवांत पोहत चालली आहे, एवढीशी दिसते. तिच्याखाली, खोल पाण्यातून, तिच्या कितीतरी पट मोठं माशाचं तोंड सरळ वर येतंय, जबडा दातांनी भरलेला. रॉजर कॅस्टेल नावाच्या चित्रकारानं हे चित्र आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी काढलं होतं, तेच पुढे सिनेमाला वापरलं. यात मासा दिसतो, मग आम्ही याला 'न दाखवणारं' का म्हणतो? कारण घडायचं ते अजून घडलेलं नाही. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. आपल्याला संकट दिसतंय आणि तिला दिसत नाहीये. चुलीजवळ रांगणारं पोर बघून आपण लांबूनच "अगं, अगं!" करतो ना, तसं मन पुढे धावतं. चित्र थांबलेलं असतं, धावतो आपणच.

दुसरं, १९७३ सालच्या 'द एक्झॉर्सिस्ट'चं. बारा वर्षांच्या मुलीला सैतानानं झपाटलंय, अशी गोष्ट. पण पोस्टरवर ती मुलगी नाही की सैतान नाही. रात्रीची वेळ, धुकं, रस्त्यावर दिव्याचा खांब. खांबाजवळ टोपी घातलेला, हातात बॅग घेतलेला एक माणूस, नुसती काळी आकृती. समोरच्या घराच्या वरच्या खिडकीतून उजेडाचा झोत खाली पडलाय, बस. पण तो माणूस आत का जात नाही? त्या खोलीत काय आहे? एरवी अंधारात उजेडाची खिडकी दिसली की आपल्याला धीर येतो. इथे भीती उजेडातच आहे.

तिसरं चित्र आम्हा बायकांना जास्त भिडलं. १९६८ सालचा 'रोझमेरीज बेबी'. एका गरोदर बाईची गोष्ट. नवरा, शेजारी, डॉक्टर, सगळे तिच्या वतीनं ठरवतात आणि ती 'काहीतरी बरोबर नाही' म्हणते तेव्हा कुणी तिचं ऐकत नाही. पोस्टर हिरवट रंगाचं. आडव्या पडलेल्या तिचा मोठा चेहरा, एका बाजूनं दिसणारा. त्यापुढे काळा खडकाळ उंचवटा आणि त्यावर एक बाबागाडी. ना रक्त, ना दात. बाबागाडी ही किती गोड वस्तू. पण ती खडकावर एकटी उभी केली, की अंगावर काटा येतो. आपल्याकडे रात्रीच्या माळावर एकटाच पाळणा हलताना काढला तर जसं वाटेल, तसं. ओळखीची वस्तू नको त्या जागी ठेवायची, एवढीच ती युक्ती.

या घराण्याचं मर्म आम्हाला असं वाटलं. चित्रकार मुद्दाम एक जागा रिकामी ठेवतो आणि त्या जागी आपण आपल्या मनातलं भूत बसवतो. ज्याची त्याची भीती वेगळी, म्हणून एकच पोस्टर प्रत्येकाला आपापल्यापरीनं घाबरवतं.

भीती कशी रंगवतात?

आता कारागिरीकडे येऊ. मसाल्यात काय काय घातलंय, हे चव घेऊन ओळखतो, तसं पोस्टरमध्येही ओळखता येतं.

सगळ्यात आधी उजेड. सूर्य वर असतो, घरातला बल्बही वर असतो. म्हणून माणसाच्या चेहऱ्यावर उजेड वरून आणि सावली खाली, अशी आपल्या डोळ्यांना सवय असते. आज रात्री वीज गेली, की बॅटरी हनुवटीखाली धरून आरशात बघा. नाकाची सावली वर जाते, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. आपलाच चेहरा आपल्याला ओळखू येत नाही. भुताच्या पोस्टरवर कितीतरी वेळा उजेड असाच खालून किंवा एकाच बाजूनं टाकलेला असतो.

मग रंग. काळा हा लपवायचा रंग. त्यात काय आहे ते दिसत नाही, म्हणून नजर शोधत राहते. काळ्यावर लाल ठेवला, की तो लांबून उठून दिसतो आणि रक्ताची, आगीची आठवण करून देतो. तोच लाल आपल्या कुंकवात आणि हळदी-कुंकवाच्या पत्रिकेत मंगल असतो. म्हणजे रंग मुळात वाईट नसतो, शेजारी काय ठेवलंय त्यावर तो बदलतो. हिरवट आणि निळसर छटा चेहऱ्याला दिली, की माणूस आजारी किंवा निर्जीव दिसतो.

तिसरं, डोळे. कुठल्याही चित्रात आपली नजर आधी चेहऱ्याकडे आणि चेहऱ्यात डोळ्यांकडे जाते. समोरच्याचे डोळे विस्फारलेले दिसले, की 'मागे काहीतरी आहे' असं समजून आपणही सावध होतो. म्हणून पोस्टरवर डोळे एक तर फार मोठे असतात, नाहीतर बाहुल्याच नसतात, नाहीतर केसांनी झाकलेले असतात. डोळ्यात बघता आलं नाही, की समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

चौथी, मांडणी. सरळ घर तिरकं काढतात, म्हणजे ते अंगावर कोसळेल असं वाटतं. माणूस एवढासा आणि दार केवढं तरी मोठं काढतात. अक्षरंही साधी नसतात. तडे गेलेली, ओरबाडलेली, ठिबकणारी अक्षरं वाचायच्या आधीच सांगून जातात, की आत काय आहे.

ज्यांना घाबरवायचं आहे त्यांनी हे सगळं जुळवून आणलेलं असतं. त्यात वाईट काही नाही. झोपाळ्यावर उंच जाताना पोटात गोळा येतो तरी आपण अजून झोका मागतो. भीती वाटते आणि आपण सुरक्षितही असतो, त्यात मजा आहे. आमच्यातल्या दोघी-तिघी तर अशा सिनेमाच्या पक्क्या शौकीन आहेत.

पण त्या जागी बाईच का?

पोस्टरं बघता बघता आमच्या लक्षात एक गोष्ट आली. आम्ही त्यांच्याकडे बघून दोन ढीग केले. एकात बाई घाबरलेली आणि दुसऱ्यात बाईच घाबरवणारी. ज्यात बाई नाही, अशी फार थोडी उरली. घाबरलेली असली तर ती तरुण, पळणारी, किंचाळणारी. घाबरवणारी असली तर केस मोकळे, वय झालेलं, नाहीतर अंगावर पांढरी साडी.

नीट विचार करा. केस मोकळे कधी असतात? न्हाल्यावर. बाळंतपणात. दुःखात, केस बांधायची शुद्ध नसते तेव्हा. पांढरी साडी कोण नेसत होतं? विधवा. एकटी कोण राहतं? जिचं कुणी उरलं नाही ती. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते, असं जुनी माणसं सांगायची. म्हणजे जिला वेळेवर सुईण, डॉक्टर, गाडी मिळाली नाही, ती मेल्यावर आपल्याला तिचीच भीती वाटायची. वाटायला हवी होती ती रस्ता नसण्याची, दवाखाना नसण्याची.

पोस्टर काढणाऱ्यानं ही भीती नवी निर्माण केलेली नसते. ती आपल्या घरात आधीपासून असते. तो फक्त ती उचलतो, तिच्यावर खालून उजेड टाकतो आणि भिंतीवर लावतो. मग ती रोज, येता-जाता, पोरांच्या डोळ्यांत भरत राहते.

यातून दुसरी वाटही निघते. २०१७ साली आलेला मराठी 'लपाछपी' बघा. उसाच्या फडातलं घर, त्यात एक गरोदर बाई. भूत आहे, अंगावर काटाही येतो. पण गोष्टीच्या मुळाशी आहे मुलगी नको म्हणून केलेलं पाप. तिथे आपल्याला शेवटी भुताची नाही, माणसांची भीती वाटते. भुताची गोष्टसुद्धा खऱ्या अपराधाकडे बोट दाखवू शकते.

आम्ही काय केलं?

त्या बाळाच्या घरी आम्ही आधी गेलो. आशाताईंना सोबत घेतलं, बाळाला आरोग्य केंद्रात नेलं, औषध सुरू झालं, ताप उतरला. घरातल्या मोठ्यांना शांतपणे एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही माहीत असू द्या. २०१३ सालापासून आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमकी बाई करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं म्हणून तिच्यावर संशय आणणं, तिला त्रास देणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. गोष्ट वाढायच्या आधी गटानं उभं राहिलं, तर बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

मग पोरांना शाळेच्या व्हरांड्यात जमवलं. आमच्यातल्या एका ताईंचे मोबाइलवर दोन फोटो काढले. पहिला अंगणात, दुपारच्या उजेडात. दुसरा बंद खोलीत, केस सोडून, बॅटरी हनुवटीखाली धरून. दुसऱ्या फोटोवर पोरांनीच लाल अक्षरात सिनेमाचं नाव लिहिलं. आधी पोरं किंचाळली, मग हसून लोळली. "या तर आपल्या ताई!" म्हणाली. मग आम्ही विचारलं, ताईंमध्ये काय बदललं? एकेक जण सांगायला लागला. उजेड बदलला. केस सोडले. मागचं अंगण गेलं. लाल अक्षरं आली. ताई काही बदलल्या नाहीत. तिसरीतला एक मुलगा बराच वेळ दोन्ही फोटोंकडे बघत बसला आणि म्हणाला, "आजींचे केस तर पांढरेच असणार ना, त्या म्हाताऱ्या आहेत."

तुमच्या गटातही हा खेळ करून बघा, पैसा लागत नाही. पुढे कुठलंही पोस्टर दिसलं, की पोरांना चार प्रश्न विचारा. उजेड कुठून आला आहे? काय दाखवलं आणि काय लपवलं? कुणाला घाबरवणारं केलं आहे? आणि हे बघून आपण काय करावं, अशी चित्र लावणाऱ्याची इच्छा आहे? हे प्रश्न सिनेमापुरते नाहीत. 'तुमच्यावर करणी झाली आहे' म्हणून कुणा बाबाचं पत्रक येतं, मोबाइलवर 'पोरं पळवणारी टोळी आली' म्हणून भेसूर फोटो फिरतात, त्यांनाही हेच प्रश्न विचारा. सिनेमाचं पोस्टर निदान तिकिटापुरतंच मागतं.

आजींचं सांगायचं राहिलं. फोटोचा खेळ झाला त्यानंतरच्या रविवारी आमच्यातल्या दोघी तेलाची वाटी घेऊन आजींकडे गेल्या. ओट्यावर बसूनच त्यांच्या डोक्याला तेल लावलं, केस विंचरले. पोरं लांबून बघत होती. मग दोन मुली जवळ आल्या. त्यातली एक म्हणाली, "आजी, मी घालू वेणी?" आजी म्हणाल्या, "घाल, पण घट्ट ओढू नको गं. आधीच चार केस राहिलेत."

आज इथेच थांबतो. तुमच्या गावात अशी कुणी आजी असेल, तर या रविवारी तिच्या ओट्यावर जरा बसून या. नमस्कार.